डोळ्यांतलं पाणी काय सांगतं?

मंडळी, आपल्या अटलांटात गुढीपाडवा आणि झाडांचे पराग हातात हात घालून येतात. २०२५ साली भारतात पाडवा ३० मार्चला होता. त्याच्या आदल्याच दिवशी, म्हणजे २९ मार्चला, अटलांटात हवेच्या एका घनमीटरमागे परागांचे १४,८०१ कण मोजले गेले. तोवरचा तो इथला उच्चांक होता. आकडा १,५०० च्या वर गेला की त्याला 'अतिशय जास्त' म्हणायची इथे पद्धत आहे. १४,८०१ ला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा! या दिवसांत मंडळाच्या कार्यक्रमात निम्मी माणसं रुमालाने डोळे पुसताना दिसतात, आणि ती काही नाट्यगीत रंगलं म्हणून नव्हे.

अशा वेळी कोणीतरी पर्समधून ड्रॉप्सची बाटली काढतं आणि मला विचारतं, "अगं, तू डॉक्टर ना? हे घातलं तर चालेल का?" मी डॉक्टर आहे ती रसायनशास्त्राची. औषध कोणतं घालावं हे सांगायचा मला अधिकार नाही. पण अश्रू हे शेवटी एक द्रावण आहे, आणि द्रावणात काय काय आहे हे शोधणं हा आमचा धंदा. तेव्हा या अंकात त्याबद्दलच लिहिते: डोळ्यांतलं पाणी तपासून डोळ्यांची अ‍ॅलर्जी ओळखता येते का, कशी येते, आणि आपल्या घरांमध्ये हे कळून घेणं का महत्त्वाचं आहे.

तीन दुखणी, एकच चेहरा

लाल डोळा म्हटलं की आपण सरसकट 'डोळे आले' म्हणतो. पण लाल, पाणावलेल्या डोळ्यामागे निदान तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. पहिलं, अ‍ॅलर्जी. दुसरं, संसर्ग, म्हणजे विषाणूंमुळे किंवा जिवाणूंमुळे आलेले डोळे. तिसरं, डोळ्यांचा कोरडेपणा. कोरड्या डोळ्यांतून पाणी कसं येईल, असं वाटेल. पण पृष्ठभाग कोरडा पडून चुरचुरला की अश्रुग्रंथी घाईघाईने पाणी सोडते, आणि ते गालावर ओघळून जातं.

तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय होऊ शकतो. अ‍ॅलर्जीसाठी पोटात घ्यायच्या अँटिहिस्टामिनच्या गोळ्या डोळे आणखी कोरडे करतात. विषाणूंमुळे आलेल्या डोळ्यांवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. आणि लाली घालवणारे जे ड्रॉप्स दुकानात सर्रास मिळतात, ते रक्तवाहिन्या आवळून डोळा पांढरा दाखवतात. काही दिवस सतत घातले तर औषध उतरल्यावर डोळा पहिल्यापेक्षा लाल होतो.

डॉक्टर बरंचसं निदान विचारपूस करून आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळा पाहूनच करतात. मुख्य खूण खाज ही असते. दोन्ही डोळ्यांना खाज, ठरावीक ऋतूत त्रास, जोडीला शिंका, असं असेल तर अ‍ॅलर्जीचा संशय बळावतो. एका डोळ्यात सुरू होऊन दोन-तीन दिवसांत दुसऱ्यात गेलं, घसा दुखतोय, कानापुढची गाठ हाताला लागतेय, तर विषाणूंचा. जळजळ, वाळू गेल्यासारखं खुपणं आणि संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर वाढणारा त्रास, तर कोरडेपणाचा. पण पुस्तकातल्यासारखा रुग्ण क्वचितच समोर येतो. बऱ्याच जणांत दोन दुखणी एकत्र असतात. लहान मूल तर खाज आणि जळजळ यांतला फरक सांगूच शकत नाही. अशा वेळी अश्रूंची तपासणी मदतीला येते.

थोडा इतिहास

डोळा आणि अ‍ॅलर्जी यांचं नातं फार जुनं आहे. १८१९ साली लंडनमध्ये जॉन बॉस्टॉक नावाच्या डॉक्टरने एका रुग्णाची हकीकत वैद्यकीय सभेपुढे वाचली. त्या रुग्णाला लहानपणापासून दर जूनमध्ये डोळ्यांना खाज, पाणी आणि शिंका यांचा त्रास व्हायचा. तो रुग्ण म्हणजे स्वतः बॉस्टॉकच. कारण मात्र त्याला सापडलं नाही.

ते सापडलं मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली याला. स्वतःला हा त्रास असलेल्या या डॉक्टरने गवताचे पराग गोळा करून आपल्याच नाकाडोळ्यांत घातले आणि काय होतं ते लिहून ठेवलं. पराग हवेत किती उंच जातात हे पाहायला त्याने पतंगांना चिकट काचपट्ट्या बांधून आकाशात सोडल्या. १८७३ साली त्याचं पुस्तक निघालं आणि दोष परागांचाच, हे सिद्ध झालं.

पुढचं पाऊल लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये पडलं. तिथे लिओनार्ड नून याने १९११ मध्ये परागांच्या अर्काची इंजेक्शनं हळूहळू वाढवत देऊन अ‍ॅलर्जी कमी करायचा प्रयोग प्रसिद्ध केला. आजचे 'अ‍ॅलर्जी शॉट्स' त्याच वाटेवरचे. गुण येतोय की नाही हे नून कसं ठरवायचा? तो रुग्णाच्या डोळ्यात अर्काचा थेंब टाकायचा आणि किती तीव्रतेच्या अर्काने डोळा लाल होतो ते पाहायचा. म्हणजे डोळा हीच त्याची परीक्षानळी.

त्याच हॉस्पिटलात दहा वर्षांनी अलेक्झांडर फ्लेमिंगला अश्रूंमध्ये जिवाणूंना विरघळवणारं एन्झाइम सापडलं. पेनिसिलिनच्या आधीचा हा त्याचा शोध. १९२२ साली तो प्रसिद्ध झाला आणि त्या एन्झाइमचं नाव लायसोझाइम. प्रयोगाला पुरेसे अश्रू मिळावेत म्हणून सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळायची वेळ आली. विज्ञानासाठी लोक काय काय सोसतात!

अ‍ॅलर्जीला कारणीभूत असणारं रक्तातलं प्रथिन मात्र १९६० च्या दशकात हाती लागलं. अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमध्ये उप्सालाला योहान्सन आणि बेनिच ही जोडी, दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी ते शोधलं. १९६८ मध्ये त्याचं नाव ठरलं इम्युनोग्लोब्युलिन ई, थोडक्यात आयजीई. अश्रूंच्या तपासणीत आपण शोधतो ते मुख्यतः हेच.

डोळ्यांत नेमकं घडतं काय

पापणीच्या आतल्या गुलाबी पातळ अस्तरात मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन आणि ट्रिप्टेज यांसारखे पदार्थ दाणेदार पुरचुंड्यांमध्ये भरून ठेवलेले असतात. पेशीच्या बाहेरच्या अंगाला आयजीईचे रेणू चिकटलेले असतात. ओकच्या परागाविरुद्ध तयार झालेलं आयजीई ओकच्या परागाला ओळखतं, कुलपाला किल्ली बसावी तसं. पराग डोळ्यात पडला, अश्रूत भिजला, त्यातली प्रथिनं सुटी झाली आणि त्यांनी शेजारशेजारच्या दोन आयजीईंना जोडलं, की पुरचुंड्या फुटतात. हिस्टामिनने मज्जातंतूंना खाज सुटते, रक्तवाहिन्या रुंदावतात, डोळा लाल होतो, पापणी सुजते. हे सगळं काही मिनिटांत होतं. काही तासांनी दुसरी फळी येते, ती इओसिनोफिल पेशींची. त्यांच्यातून निघणारी प्रथिनं अस्तराला आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा करू शकतात.

आता रसायनशास्त्रज्ञाच्या डोक्यात पहिला प्रश्न येणार तो असा: हिस्टामिनमुळे खाज येते, तर अश्रूंतलं हिस्टामिनच का मोजू नये? कारण ते टिकत नाही. ते मोडून टाकणारं एन्झाइम अश्रूंतच असतं, त्यामुळे रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत पुरावा नाहीसा झालेला असतो. ट्रिप्टेज थोडं जास्त टिकतं, पण तेही ताज्या झटक्यापुरतंच. आयजीई मात्र टिकाऊ आहे आणि हंगामभर अश्रूंत सापडतं. म्हणून साक्षीदार म्हणून ते जास्त उपयोगाचं.

थेंबभरही नाही

अडचण आहे ती मालाच्या तुटवड्याची. एका डोळ्यावर एका वेळी जेमतेम ७ मायक्रोलिटर अश्रू असतात. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंबच ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे डोळ्यावरचं सगळं पाणी त्या थेंबाच्या पावपटही भरत नाही. रक्ततपासणीला दंडातून काही मिलिलिटर रक्त काढतात, म्हणजे हजारो मायक्रोलिटर.

त्यात आयजीईचं प्रमाण फारच थोडं. अश्रूंमध्ये लायसोझाइम एका मिलिलिटरमागे मिलिग्रॅमच्या हिशेबात असतं, तर आयजीई नॅनोग्रॅमच्या. दोन्हींत साधारण दहा लाख पटींचा फरक. खंडीभर तांदळातून एक विशिष्ट दाणा शोधायचा, तोही न निवडता, असं काहीसं हे काम आहे.

ते जमतं प्रतिपिंडांच्या जोरावर. कोविडच्या दिवसांत आपण सर्वांनी घरी नाकातला बोळा फिरवून पट्टीवर रेघा पाहिल्या आहेत. अश्रूंची पट्टी त्याच तत्त्वावर चालते. खालच्या पापणीच्या कडेला शोषक कागदाची अरुंद पट्टी किंचित अडकवतात. ती भिजली की तिच्यातले अश्रू एका द्रावणाबरोबर चाचणीच्या पट्टीवर चढू लागतात. वाटेत त्यांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण भेटतात. या कणांना आयजीई पकडणारे प्रतिपिंड जोडलेले असतात. पुढे पट्टीवर एका रेघेत आयजीईलाच दुसऱ्या बाजूने पकडणारे प्रतिपिंड बसवलेले असतात. अश्रूंत पुरेसं आयजीई असेल तर ते दोहोंच्या मध्ये सँडविचसारखं अडकतं, सोन्याचे कण त्या जागी गोळा होतात आणि तांबूस रेघ उमटते. सोन्याचे इतके बारीक कण पिवळे नव्हे, तांबडे दिसतात. दुसरी रेघ उमटते ती पट्टी ठीक चालल्याची खूण. सगळं आटोपायला साधारण दहा मिनिटं लागतात. सुई नाही, रक्त नाही.

या चाचणीचा वापर जपानमध्ये विशेष झाला. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर डोंगरच्या डोंगर सुगी नावाच्या झाडाने लावून काढले, आणि आता दर वसंतात त्याचे पराग देशाला रडवतात. २०१९ च्या पाहणीत सुमारे ३९ टक्के लोकांना त्याची अ‍ॅलर्जी असल्याचं दिसलं. तिथल्या नेत्रतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत अश्रूंतलं एकूण आयजीई मोजण्याच्या चाचणीला जागा आहे. फ्रान्समध्येही अशी पट्टी तयार झाली, आणि अमेरिकेत अर्ध्या मायक्रोलिटर अश्रूंवर चालणारं छोटं यंत्र निघालं. तरीही इथल्या दवाखान्यांत ही चाचणी रोजच्या वापरात नाही. तुमच्या डॉक्टरांकडे ती नसेल तर त्यात काही कमीपणा नाही.

रेघ काय सांगते, काय सांगत नाही

इथे जरा सावध राहायला हवं. रेघ उमटली म्हणजे डोळ्यात अ‍ॅलर्जी आहे, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. पण रेघ उमटली नाही म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, असं म्हणता येत नाही. सौम्य हंगामी त्रासात आयजीई पट्टीच्या मर्यादेखाली राहू शकतं.

दुसरं, बहुतेक पट्ट्या एकूण आयजीई दाखवतात. ते ओकविरुद्धचं, धुळीतल्या किड्यांविरुद्धचं की शेजारच्या मांजरीविरुद्धचं, हे कळत नाही. त्यासाठी अजून त्वचेवरची टोचणी किंवा रक्ततपासणीच करावी लागते.

तिसरी गोष्ट पाण्याची. पट्टी बोचली आणि डोळ्यातून भळाभळा पाणी आलं, तर नमुना पातळ होतो आणि आयजीई कमी दिसतं. कांदा चिरताना आलेले किंवा मूल रडल्यावर आलेले अश्रू म्हणूनच चालत नाहीत. याउलट पट्टी घासली जाऊन अस्तर दुखावलं, तर रक्तातली प्रथिनं अश्रूंत झिरपतात आणि आयजीई वाढलेलं दिसतं. संशोधनात म्हणून अल्ब्युमिनसुद्धा मोजतात. ते मुख्यतः रक्तातून येतं, त्यामुळे किती झिरपलं याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. नमुना काचेच्या केसासारख्या नळीने हलकेच घेतला तर दोन्ही दोष कमी होतात, पण तेवढा वेळ आणि तेवढा स्थिर हात प्रत्येक दवाखान्यात कुठून आणायचा?

मग एवढा खटाटोप करायचा कशाला, रक्तच तपासावं, असं कोणी म्हणेल. त्याला उत्तर आहे. काही रुग्णांत आयजीई डोळ्यातच तयार होतं. रक्त आणि त्वचा दोन्ही तपासण्या 'काही नाही' म्हणतात आणि डोळे मात्र खाजतच असतात. इटलीत पादुआच्या संशोधकांनी २०१५ मध्ये गंभीर अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांचे अश्रू तपासले, तेव्हा काहींच्या अश्रूंत विशिष्ट पदार्थांविरुद्धचं असं आयजीई सापडलं जे त्यांच्या रक्तात नव्हतं. तपासण्या स्वच्छ आल्या म्हणून अशा माणसाला 'मनाचे खेळ आहेत' म्हणणं अन्यायाचं होईल.

अश्रूंच्या आणखी काही चाचण्या

अमेरिकेत डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात तर पुढच्या चाचण्या भेटण्याची शक्यता जास्त आहे. सगळ्यांत जुनी शर्मर यांची, १९०३ सालची. पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवायची आणि किती मिलिमीटर भिजली ते पाहायचं. दहापेक्षा कमी म्हणजे संशय, पाचपेक्षा कमी म्हणजे कोरडेपणा नक्कीच म्हणावा असा. दुसरी अश्रूंचा खारटपणा मोजणारी. तिला केवळ ५० नॅनोलिटर, म्हणजे मायक्रोलिटरचा विसावा भाग, पुरतो. ३०८ मिलिऑस्मोलच्या पुढे आकडा गेला की कोरडेपणाचा संशय. तिसरी एमएमपी-९ या एन्झाइमची, २०१३ पासून अमेरिकेत मान्य असलेली. ती दाह आहे एवढंच सांगते. तो कोरडेपणाचा की अ‍ॅलर्जीचा, हे सांगत नाही. चौथी अ‍ॅडिनोव्हायरस ओळखणारी. शाळेतून 'पिंक आय' म्हणून मुलाला घरी पाठवलं, आणि ते खरंच संसर्गाचं की परागांचं असा प्रश्न पडला, की ही दहा मिनिटांची चाचणी कामाची.

इथे आल्यावरच का झालं?

"भारतात असताना मला कधीच काही झालं नाही," असं आपल्यातले कितीतरी जण म्हणतात. यात नवल नाही. आयजीई तयार व्हायला आधी ओळख व्हावी लागते. पहिले एक-दोन वसंत शरीर ओकच्या परागाशी नुसता परिचय करून घेतं, आणि मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकदम भडका उडतो. स्थलांतर करून आलेल्यांमध्ये हे नेहमी दिसतं. गाडीवर साचणारा पिवळा थर असतो पाइनचा, पण त्याचा कण मोठा आणि मेणचट, त्याने फारशी अ‍ॅलर्जी होत नाही. खरा गुन्हेगार ओक, बर्च यांचा, डोळ्यांना न दिसणारा बारीक पराग. मे महिन्यात गवतं येतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर रॅगवीड.

रॅगवीडशी आपलं एक जुनं नातंही आहे. १९५० च्या दशकात पुण्यात एक नवं तण प्रथम नोंदलं गेलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानलं जातं. आपण त्याला गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो. ते रॅगवीडच्याच कुळातलं, आणि दोघांच्या परागांतली काही प्रथिनं इतकी सारखी की एकाविरुद्धचं आयजीई दुसऱ्यालाही ओळखतं. पुण्यात गाजर गवताने शिंकणाऱ्याला जॉर्जियातला पहिलाच सप्टेंबर जड जाऊ शकतो.

सुटकेसमधली बाटली

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते सांगते. आपल्या ओळखीतल्याच एका घरात घडलेली गोष्ट आहे. त्या मुलाच्या आईनेच मला लिहायला सांगितलं, नावं मात्र देत नाही.

मुलगा आठ वर्षांचा. डोळे सतत लाल, मुठीने चोळायचा. मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकला गेले असताना औषधाच्या दुकानदाराने एक बाटली दिली, चिठ्ठी वगैरे न मागता. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र. सगळे खूश. येताना सहा बाटल्या सुटकेसमध्ये घालून आणल्या. पुढची दोन वर्षं डोळे लाल झाले की दोन थेंब, असं चाललं. मग चष्म्याचा नंबर तपासायला गेले तेव्हा डोळ्यातला दाब निघाला ३४. साधारणपणे तो १० ते २१ च्या दरम्यान असतो. मुलाला दुखत नव्हतं, दिसायला काही कमी वाटत नव्हतं. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं 'डेक्सामेथासोन'. स्टेरॉइड. बाटली बंद केल्यावर काही आठवड्यांत दाब उतरला, पण एका डोळ्याच्या मज्जातंतूला थोडी इजा झालेली आहे. ती भरून येत नाही.

स्टेरॉइड वाईट नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे दिवस, दाब मोजत दिलं तर ते डोळा वाचवतं. पण त्याचा गुण हाच त्याचा दोष आहे: अ‍ॅलर्जी असो, कोरडेपणा असो, काहीही असो, लाली ओसरते. म्हणून निदान झालंच नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही. आत काचबिंदू किंवा मोतीबिंदू वाढत राहतो. भारतातही हे औषध कायद्याने चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, पण मिळतं हे आपल्याला ठाऊक आहे.

त्या मुलाला निघाली 'व्हर्नल' प्रकारची अ‍ॅलर्जी. उष्ण, कोरड्या प्रदेशांत, आपल्या भारतात पुष्कळ आढळणारी, आणि मुलींपेक्षा मुलांना जास्त होणारी. वरच्या पापणीच्या आत फरसबंदीसारखे उंचवटे, चिकट दोऱ्यासारखा स्राव, उजेड सहन न होणं ही तिची लक्षणं. बहुतेक मुलांत वयात येताना ती मावळते, पण तोवर सांभाळावं लागतं. याच प्रकारात अश्रूंतलं आयजीई सर्वांत ठळक सापडतं, म्हणजे जिथे निदानाची सर्वांत गरज तिथे चाचणीही सर्वांत उपयोगी. आणि स्टेरॉइडला पर्यायही आहेत. सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स २०२१ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्य झाले.

डोळे चोळण्याची सवय हाही वेगळा धोका आहे. वर्षानुवर्षं चोळल्याने बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो. मुलाचा चष्म्याचा नंबर भराभर बदलत असेल आणि तो डोळे चोळत असेल, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा.

फ्रिजवर लावायची यादी

१. घरातली डोळ्यांची प्रत्येक बाटली आज काढून लेबल वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड. अँटिबायोटिकबरोबर मिसळलेलंही असतं. ते कोणी, कधी, किती दिवसांसाठी दिलं होतं ते आठवा. बरेच दिवस वापरलं असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून दाब मोजून घ्या.

२. भारतातून येणाऱ्या आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना ड्रॉप्स आणायला सांगू नका. इथे केटोटिफेन २००६ पासून आणि ओलोपॅटाडिन २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. ही अ‍ॅलर्जीची औषधं आहेत, स्टेरॉइड नव्हेत. लहान मुलांना देण्याआधी विचारा.

३. थंड पाण्याची घडी, फ्रिजमध्ये ठेवलेले कृत्रिम अश्रू, बाहेरून आल्यावर तोंड धुणं, कपडे बदलणं, झोपण्यापूर्वी केस धुणं, गॉगल, खिडक्या बंद. हे उपाय साधे आहेत, पण पराग धुतला गेला तर पुढचं रामायण टळतं.

४. डोळ्यांत गुलाबपाणी, मध, एरंडेल, तूप घालू नका. आजींचा हेतू चांगला असतो, पण यांतलं काहीही निर्जंतुक नसतं. सुरमा हा मुळात शिशाचा सल्फाइड. इथे तो आणि तसलं विकतचं काजळ डोळ्यांसाठी विकायला परवानगी नाही. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ म्हणजे काजळी, त्यात शिसं नसतं, पण खाजणाऱ्या डोळ्याला तेही कचराच.

५. दोन आठवडे वहीत लिहा: त्रास कधी, कुठे, खाज की जळजळ, एक डोळा की दोन्ही, त्या दिवशीचा परागांचा आकडा. ही वही डॉक्टरांना कोणत्याही यंत्राइतकी उपयोगी पडते.

६. डॉक्टरांना विचारा: ही अ‍ॅलर्जी, कोरडेपणा की दोन्ही? अश्रूंची कोणती तपासणी तुमच्याकडे होते? विम्यात बसते का? त्वचेची चाचणी करायची असेल तर अँटिहिस्टामिन किती दिवस आधी बंद करू? आणि स्टेरॉइड दिलं तर: किती दिवस, आणि दाब पुन्हा कधी मोजायचा?

७. दुखणं, उजेडाचा फार त्रास, दिसायला अंधुक होणं, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखणं, यांत वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पुढच्या कार्यक्रमात भेटलात आणि बाटली बरोबर आणलीत, तर मी लेबलवरचं रसायन वाचून त्याची जात सांगेन. त्याचे पैसे पडणार नाहीत, चहा चालेल. डोळ्यात काय घालायचं ते मात्र नेत्रतज्ज्ञांनाच विचारायचं.